सव्वीस टक्क्यांचा बुधवार

पहाटे ५.३०

देवाला हात जोडायच्या आधी टोकियोचा बाजार बघायची सवय मास्तराला लागली, की समजावं, जगाचं काही खरं नाही. ९ एप्रिल २०२५. जपानचा बाजार आपल्या साडेपाचला उघडतो आणि त्या दिवशी तो पडतच उघडला. रात्री अमेरिकेचा ‘एस अँड पी ५००’ पाच हजारांच्या खाली बंद झाला होता. चिनी मालावरचं शुल्क १०४ टक्के होणार, हे व्हाइट हाउसने पक्कं केलं होतं. ट्रम्प यांनी लावलेल्या नव्या आयातशुल्कांत आपल्या वाट्याला २६ टक्के. अंमल सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी, म्हणजे वॉशिंग्टनात मध्यरात्र उलटून एक मिनिट झाल्यावर.

कोल्हापुरात पदवीच्या मुलांना मी स्थूल अर्थशास्त्र शिकवतो. पोर्शन संपला होता, परीक्षा तोंडावर होती. अशा दिवसांत वर्गात येतात ती आवडीनं येणारीच. त्यांच्यासाठी एक वही ठेवलीय. डाव्या पानावर पुस्तक काय सांगतं ते, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. त्या पहाटे डावीकडे लिहिलं : शेअर पडले की घाबरलेला पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत शिरतो, रोख्यांचा भाव चढतो, परतावा उतरतो. आदल्या शुक्रवारपर्यंत तसंच चाललं होतं. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा चार टक्क्यांखाली आला होता. बुधवारी तो साडेचारकडे निघाला. म्हणजे लोक शेअरही विकत होते आणि ज्याला जगातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणतात ते रोखेही. उजवं पान कोरं सोडलं. कारण सांगायची घाई टीव्हीवाल्यांना असते, मास्तराला नसावी.

७.००

घरगुती सिलिंडर आदल्या दिवसापासून ५० रुपयांनी महाग झाला होता. “कच्चं तेल पडलंय म्हणून परवा तुम्हीच सांगत होता ना? मग हे काय?” प्रश्न चहाच्या कपाबरोबर आला. ब्रेंट तेल पिंपाला ६० डॉलरच्या आसपास घुटमळत होतं; चार वर्षांत इतकं खाली आलं नव्हतं. सोमवारी केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरला दोन रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा भाव मात्र होता तिथंच ठेवला. तेल स्वस्त झाल्याचा फायदा गाडीवाल्याच्या खिशात न जाता सरकारी तिजोरीत गेला. गॅसचं कारण वेगळं दिलं : कंपन्या तोट्यात विकत होत्या, ती खोट भरून काढायची.

“आणि ती आम्ही भरायची.”

“हो.”

याला राजकोषीय धोरण म्हणतात, हे मी बोललो नाही.

९.१५

बाकं निम्मी रिकामी. फळ्यावर एकच आकडा लिहिला, २६. एका मुलीनं लगेच हात वर केला. “सर, ट्रम्प यांच्या हातातल्या त्या तक्त्यावर भारतापुढे ५२ लिहिलं होतं. आपण त्यांच्या मालावर खरंच ५२ टक्के लावतो?”

नाही लावत. आपलं सरासरी आयातशुल्क १७ टक्क्यांच्या आसपास आहे. ते जास्तच आहे, शेतमालावर तर फारच. तक्रार करायला जागा आहे. पण ५२ कुठून आले? मुलांना मोबाइल काढायला लावले (एरवी ठेवायला सांगतो) आणि २०२४ सालचे अमेरिकेचेच दोन आकडे दिले. भारताकडून घेतलेला माल ८७.४ अब्ज डॉलर. भारताशी असलेली मालाची व्यापारतूट ४५.७ अब्ज डॉलर. तुटीला आयातीने भागा.

“०.५२३.” तीन-चार आवाज एकदम आले.

निम्मे करा. सव्वीस.

वर्गात शांतता पसरली, मग हसू. मग कुणीतरी व्हिएतनाम मागितलं. तूट १२३.५, आयात १३६.६. नव्वद टक्के, निम्मे केले की ४५ आणि वर थोडे, तक्त्यावर ४६. चीन : २९५.४ भागिले ४३८.९. सदुसष्ट, निम्मे ३४. मुलं पटापट देश मागत सुटली. बारावीचं गणित येणाऱ्या कुणालाही जगाच्या व्यापाराचं हे नवं वेळापत्रक वहीच्या मागच्या पानावर मांडता येत होतं. ‘समोरच्याने लावलेलं शुल्क’ या मथळ्याखाली त्या तक्त्यात खरं तर शुल्क नव्हतंच, तूट होती. तीही फक्त मालाची. सेवांच्या व्यापारात अमेरिकेकडे भरघोस आधिक्य आहे, ते धरलंच नव्हतं.

अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने सूत्र प्रसिद्ध केलं होतं, तेही फळ्यावर उतरवलं. खाली दोन ग्रीक अक्षरं. एक, भाव वाढला की आयातीची मागणी किती घटते. ते धरलं ४. दुसरं, शुल्काचा किती हिस्सा आयात किमतीत उतरतो. ते धरलं ०.२५. चार गुणिले पाव बरोबर एक. भागाकारावर दोघांचा काहीही परिणाम नाही.

पण त्या पावावर जरा थांबलो, कारण तिथंच खरी ग्यानबाची मेख आहे. ज्यांच्या संशोधनाचा हवाला दिला होता त्यांतले हार्वर्डचे अल्बर्टो कावालो जाहीरपणे म्हणाले की, आमच्या अभ्यासात हा आकडा ०.२५ नाही, ०.९५ च्या जवळ आहे. म्हणजे शुल्काचा जवळपास सगळा बोजा अमेरिकी आयातदारावरच पडतो. मग तो घालून बघा. ४ गुणिले ०.९४५ म्हणजे ३.७८. ५२.३ भागिले ३.७८, पावणेचौदा. निम्मे, सात. सगळ्यांसाठी किमान शुल्क १० टक्के होतं, म्हणजे भारताला लागायला हवे होते १०. एक आकडा कुठला धरला, त्यावर दहा की सव्वीस हे ठरलं.

या गणितात नऊ एकतीस कधी होऊन गेले, कळलंही नाही.

१०.००

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. पडद्यावर थेट प्रक्षेपण लावलं. त्याआधी प्रत्येकानं चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून द्यायच्या, असा आमच्याकडे नेम आहे : रेपो दर, भूमिका, आणि एका ओळीत कारण. कारण नसलेली चिठ्ठी बाद.

गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी दर पाव टक्क्याने उतरवला, ६.२५ वरून ६. फेब्रुवारीनंतरची ही सलग दुसरी कपात. समितीच्या सहाही सदस्यांचं एकमत. भूमिका ‘तटस्थ’ होती ती ‘उदार’ केली. वर्षाच्या विकासदराचा अंदाज ६.७ वरून ६.५ आणि महागाईचा ४.२ वरून ४ टक्क्यांवर आणला. पाव टक्का बहुतेकांनी लिहिला होता, भूमिका बदलेल असं थोड्यांनी.

मागच्या बाकावरचा एकजण, एरवी फारसा न बोलणारा, म्हणाला, “सर, बाहेर एवढी आग लागलीय, रुपया घसरतोय आणि हे व्याज कमी करतायत? उलटं नको का?”

हा प्रश्न पुस्तकाच्या शेवटच्या स्वाध्यायात कधीच नसतो. मी त्याला फळ्याकडे बोलावलं आणि दोन आकृत्या काढायला सांगितल्या. एक अमेरिकेची, एक आपली. अमेरिकेत शुल्क लागलं की बाहेरून येणारा माल महागतो. पुरवठ्याची रेषा वर सरकते : भाव वाढतो, उत्पादन घटतं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हपुढे पेच होता. महागाईकडे बघून व्याज चढवायचं की मंदीकडे बघून उतरवायचं? म्हणून ते तेव्हा ४.२५ ते ४.५० वर हात बांधून बसले होते. आता आपली आकृती. आपल्यावर शुल्क लागलं तर आपल्या मालाला बाहेरची मागणी कमी. मागणीची रेषा मागे सरकते : उत्पादन घटतं आणि भावही नरमतात. शिवाय जगाची चाल मंदावली की तेल पडतं, आणि तेल आपण आयात करतो. एकाच शुल्काने तिथं पुरवठ्याला धक्का आणि इथं मागणीला. म्हणून आपल्या बँकेला कपात करायला जागा आहे. फेब्रुवारीची किरकोळ महागाई ३.६१ टक्के होती. ऑक्टोबरमध्ये ती सहाच्या वर होती. तेव्हा हीच कपात केली असती तर मीही नावं ठेवली असती.

“आणि रुपया?”

रुपयावर ताण येणारच. अमेरिकेतलं आणि आपलं व्याज यांतलं अंतर जितकं कमी, तितकं परक्या पैशाला इथं राहायचं कारण कमी. बँकेनं तो धोका पत्करला. घरातली मागणी आणि बाहेरचा रुपया यांत तिनं घर निवडलं. माझ्या मते बरोबर निवडलं. त्या मुलाला ते पूर्ण पटलं नाही, आणि त्याच्या आकृतीतली रेषा माझ्यापेक्षा सुबक आली होती.

११.३०

स्टाफरूममध्ये पतधोरणाचं सार एका वाक्यात निघतं : हप्ता किती कमी होणार? तीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज, ९ टक्क्यांवरून पावणेनऊवर आलं, तर महिन्याला सुमारे ४८० रुपये. कर्ज रेपोशी बांधलेलं असेल तर हे आपसूक व्हायला हवं. पण बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, तेव्हा विचारून घ्यावं. निवृत्तीला टेकलेल्या एका सहकाऱ्यांचं गाऱ्हाणं याच्या बरोब्बर उलट. त्यांच्या ठेवीचं नूतनीकरण जूनमध्ये आहे. त्यांचं तोंड बघून कपातीचं कौतुक आवरतं घेतलं.

१२.००

पत्रकार परिषद. दर पुढे किती खाली जाणार, असं विचारल्यावर गव्हर्नर म्हणाले की मी संजय आहे खरा, पण महाभारतातला संजय नव्हे. मुलांच्या ग्रुपवर हे वाक्य पाच मिनिटांत फिरलं. रेपो दर विसरतील, हे विसरणार नाहीत. चालेल, मध्यवर्ती बँकेला पुढचं दिसत नाही, हे लक्षात राहिलं तरी एक प्रकरण शिकवून झालं.

दुपारी १.३०

कॅन्टीनमध्ये कटवडा खाताना मागच्या बाकावरचा तो मुलगा पुन्हा शेजारी येऊन बसला. वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग ओतले जातात. काही थेट परदेशी जातात, काही मोठ्या कंपन्यांच्या मालात बसून. “पप्पा म्हणतात, सेठ दुसरी पाळी बंद करणार असं बोलतायत. हे शुल्कामुळंच असेल का?”

खरं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. पहिली : चीनवर १०४, व्हिएतनामवर ४६, आपल्यावर २६. एखादी ऑर्डर चीनकडून आपल्याकडे सरकू शकते. वर्तमानपत्रांनी ही पायरी मोठ्या टायपात छापली होती. दुसरी : अमेरिकी गिऱ्हाइकानेच गाडी घ्यायचं पुढं ढकललं, तर ऑर्डर सरकणार नाही, नाहीशी होईल. परदेशी मोटारींवर ३ एप्रिलपासून आणि पोलादावर त्याआधीच २५ टक्के शुल्क लागलं होतं. ते या सव्वीसाहून वेगळं खातं. वडिलांच्या पाळीचं नक्की काय होईल, ते कुठल्याच आकृतीतून निघत नाही. ऑर्डरबुकमध्ये कुठल्या देशाचा माल किती आहे, हे वडिलांना विचार म्हटलं. त्यानं तिथल्या तिथं फोन लावला. फोनवर वडील आधी ओरडले, मग सांगू लागले.

२.३०

ग्रंथालयात अर्धा तास. १९३० चा स्मूट-हॉले आयातशुल्क कायदा काढला. अमेरिकेतल्या हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सही करू नका म्हणून विनवलं, तरी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी १७ जूनला सही केली. पाठोपाठ इतर देशांनी आपापली शुल्कं चढवली आणि जगाचा व्यापार आटला. महामंदी त्या कायद्याने आणली असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही, ती आधीच सुरू झाली होती. कायद्याने ती चिघळवली. गंमत अशी की, सहीच्या अकराच दिवस आधी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली होती.

३.३०

सेन्सेक्स ३८० अंकांनी खाली, ७३,८४७. व्याज उतरलं तरी बाजार पडला, म्हणून ग्रुपवर आश्चर्याची चिन्हं. कपात सगळ्यांना अपेक्षित होती, ती भावात आधीच बसलेली. अपेक्षित नव्हतं ते रात्री आलं : औषधांवरही मोठं शुल्क लावू, असं ट्रम्प बोलून गेले होते. औषध कंपन्यांचे शेअर आपटले.

४.३०

चीनचं उत्तर आलं. अमेरिकी मालावर ८४ टक्के. ब्रेंट साठाच्या खाली.

६.३०

संध्याकाळी एका अभ्यासिकेत जातो. स्पर्धा परीक्षांची मुलं. त्यांना वेळ नसतो. “सर, रेपो सहा, एसडीएफ पावणेसहा, एमएसएफ सव्वासहा, भूमिका उदार. एवढंच येणार ना?” एवढं येईल. आणि जूनमध्ये ते शिळं होईल. पाठांतराने एक गुण मिळतो, तो घ्यावा. पण त्यासाठी वर्तमानपत्र वाचायची गरज नाही, रद्दीसुद्धा चालते.

मग एकानं विचारलं, “सर, पण अमेरिकेला जग लुटतंय, हे खोटं आहे का?”

त्यावर तास गेला. फळ्यावर एकच ओळ : बचत वजा गुंतवणूक बरोबर निर्यात वजा आयात. हे कुणाचं मत नाही, जमाखर्च आहे. देश जेवढं पिकवतो-बनवतो त्यापेक्षा जास्त वापरत असेल, तर उरलेलं बाहेरूनच यायला हवं. अमेरिकी सरकारची २०२४ च्या वित्तवर्षातली तूट १.८ लाख कोटी डॉलरच्या वर. देशाची व्यापारतूट नऊशे अब्ज डॉलरच्या वर. हे दोन आकडे शेजारी लिहिले की लुटीची गोष्ट जरा अवघड होते. एकेका देशाशी असलेल्या तुटीला तर फारसा अर्थच नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो म्हणायचे, माझी माझ्या न्हाव्याशी कायमची तूट आहे, तो माझ्याकडून काहीच विकत घेत नाही. २०१८ मध्ये चीनवर शुल्कं बसली, तेव्हा चीनशी असलेली तूट पुढे घटली आणि व्हिएतनाम, मेक्सिकोशी असलेली वाढली. एकूण तूट जागेवरच, उलट फुगलेली.

ही ओळ पूर्ण मात्र इथं होत नाही. अमेरिकेने आयातीपोटी दिलेले डॉलर जातात कुठं? घेणारे देश त्यांतले पुष्कळ परत अमेरिकेतच गुंतवतात. मोठा भाग सरकारी रोख्यांत. तुटीची दुसरी बाजू म्हणजे हे येणारं भांडवल.

कोपऱ्यातल्या एका मुलीनं पेन खाली ठेवलं. “म्हणजे तूट नको म्हणणं म्हणजे तुमचं कर्जही नको म्हणणं? मग ते रोखे का विकतायत, ते बरोबर आहे की.”

पहाटे कोरं ठेवलेलं उजवं पान तिथं भरायला लागलं. तिचं कारण एकमेव नव्हतं. मोठे फंड उसनवारीवर केलेले सौदे घाईनं मोडत होते, असंही सांगितलं जात होतं. दोन्ही लिहिली. पण पहिलं तिनं स्वतः, एका समीकरणावरून काढलं होतं. दिवसभरातली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली विचाराल तर ही.

रात्री १०.४८

जेवण झालं होतं, बातम्या बंद केल्या होत्या. ग्रुप एकदम खणखणू लागला. ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर लिहिलं होतं : वाढीव शुल्कांना ९० दिवसांची स्थगिती, १० टक्के मात्र सगळ्यांना लागू, चीनला सवलत नाही, उलट १२५. नऊ एकतीसला लागू झालेल्या आपल्या २६ टक्क्यांना चौदा तासांच्या आतच स्थगिती जाहीर झाली.

न्यूयॉर्कचा बाजार मिनिटांत उसळला. ‘एस अँड पी’ दिवसअखेर साडेनऊ टक्क्यांनी वर गेला, २००८ नंतरची एका दिवसातली सगळ्यात मोठी उडी. रोख्यांच्या बाजारावर आपली नजर होती, लोक अस्वस्थ होत होते, असं ट्रम्प स्वतःच नंतर पत्रकारांना म्हणाले. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं ग्रुपवर विचारलं, “सर, मग आजची चिठ्ठी धरायची की नाही?” धरायची. तारीख आणि वेळ घालून.

दुसऱ्या दिवशी महावीर जयंती. कॉलेजला सुट्टी, मुंबईच्या बाजारालाही. बुधवारी दुपारी घाबरून विकून बसलेल्यांना शुक्रवारपर्यंत नुसतं बघत राहावं लागलं, आणि शुक्रवारी सेन्सेक्स १,३१० अंकांनी वर बंद झाला. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो आणखी अर्ध्या टक्क्याने उतरवून साडेपाचवर आणला आणि भूमिका पुन्हा ‘तटस्थ’ केली. ऑगस्टअखेर भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. त्यातले निम्मे रशियाकडून तेल घेतो म्हणून होते, आणि त्या निम्म्यांना कुठलंही सूत्र जोडलेलं नव्हतं.